अख्खं गाव एका चौकटीत

अन्याय झाला तो श्रीमती सुलोचना गोविंद शिगवण यांच्यावर. राहणार लालबाग, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, म्हणजे आमचंच. केव्हा झाला? गेल्या वर्षीच्या शिमग्यात, होळीनंतरच्या पहिल्या शनिवारी, ऐन दिवेलागणीला. त्या वेळी गावदेवीची पालखी ढोलताशांसकट त्यांच्या अंगणात उभी होती आणि दाराला कुलूप होतं. सुलोचनाआजी तेव्हा लालबागच्या खोलीत बसून देवीला नेसवायचं हिरवं लुगडं पिशवीत भरत होत्या, रात्रीच्या एसटीने निघायचं म्हणून. कारण मंडळाच्या वेबसाइटवर त्यांच्या नावासमोर रविवार होता.

अन्याय कोणी केला? दाजी मांडवकर यांनी. हत्यार कोणतं? स्पेसबार.

ज्यांना शिमगा म्हणजे नुसती होळी वाटते, त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे शिमग्यात देवी स्वतः देवळातून निघते आणि पालखीत बसून घरोघर जाते. वर्षातून एकदा. ओटी भरायची, गाऱ्हाणं घालायचं, नवस फेडायचा तो तेव्हाच, आणि आपल्या दारात उभं राहून. कोणाकडे कधी जायचं हे दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरतं. गुरव ते फोनवरून मुंबईला कळवतात आणि मुंबईचं मंडळ त्याचं वेळापत्रक करून नेटवर टाकतं. ते बघून आमची माणसं रजा मागतात, तिकिटं काढतात, साहेबाशी भांडतात. वार चुकला की वर्ष गेलं. सुलोचनाआजींचा तर नवस राहिला. नात प्राचीला नर्सची नोकरी लागू दे, तुला लुगडं नेसवीन, असं त्या देवीला बोलून बसल्या होत्या. नोकरी लागली. लुगडं पिशवीत राहिलं.

आता दाजी.

दाजी आमच्या मंडळाचे प्रसिद्धीप्रमुख. त्यांना कॉम्प्युटरवर तक्ता करता येतो, आणि हीच सगळी अडचण आहे. तक्त्यात उभ्याआडव्या रेघांनी आखलेल्या हजारो चौकटी असतात. फुकट. पाहिजे तेवढ्या घ्या, कोणी पागडी मागत नाही. दाजी त्यातल्या दोनच घेतात. डाव्या चौकटीत अख्ख्या गावाची नावं, एकाखाली एक. उजव्या चौकटीत सगळे वार आणि वेळा, एकाखाली एक. चौकट ताणून ताणून दाराएवढी करतात. मग नावासमोर वार, वारासमोर वेळ यावी म्हणून स्पेसबार दाबत बसतात. एका बोटाने, जिभेचं टोक बाहेर काढून, सुईत दोरा ओवावा तसे.

"दाजी, प्रत्येक घराला वेगळी ओळ द्या ना," मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते दुखावले.

"कशाला गो? घराघरात भिंती घालायच्या? ह्या खोलीत आम्ही वीस-बावीस जण राहायचो. कोणी म्हटला का, मला वेगळी चौकट पाहिजे?"

'ही खोली' म्हणजे परळची आमची गावाची खोली. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावाकडून आलेला प्रत्येक पोरगा आधी इथे उतरायचा. भिंतीला फळ्या, फळीवर ज्याची त्याची ट्रंक, जेवण खानावळीत, झोप पाळीप्रमाणे. एक उठला की त्याच्या गरम जागेवर दुसरा पडायचा. पुढे लग्नं झाली, संसार दिवा, कळवा, नालासोपाऱ्याला गेले. ट्रंका गेल्या. फळ्या राहिल्या, आणि दाजी राहिले. ते लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. विचारलं तर म्हणतात, "जागा कुठं होती?" आता एवढ्या खोलीत त्यांची एक खाट आणि मंडळाचा एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटर कोणीतरी जुना म्हणून दान दिलेला, पडदा चौकोनी, जुन्या टीव्हीसारखा.

दाजी गिरणीत घडी खात्यात होते. कापडाची घडी अशी पडली पाहिजे की काठ काठावर बसला पाहिजे, हे तिथलं काम. गिरणी बंद झाली, दाजींचं खातं चालूच आहे. खोलीबाहेरच्या चपला ते ओळीत लावतात, शेजाऱ्यांच्यासुद्धा. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत एकदा मिरच्यांच्या ढिगाचं टोक मधोमध नाही म्हणून त्यांनी ते हाताने सरळ केलं आणि मग कपाळावरचा घाम पुसला. पुढचा तासभर दुकानदार त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारत होता आणि दाजी विचारत होते, "आता बरोबर आला का मध्ये?"

माझ्या आजोबांच्या बाराव्याला फोटोचा हार एका बाजूला झुकला होता. दाजी उठले. स्टुलावर चढले. हार सारखा केला, खाली उतरले, मान तिरकी करून बघितलं, परत चढले. गुरुजींचे मंत्र थांबले. शेवटी माझी आजी म्हणाली, "दाजी, लाल बावट्यात होते ते. जन्मभर डावीकडंच झुकले. राहू दे."

तर असा माणूस कॉम्प्युटरवर बसला. शिवाजी पार्कला ज्येष्ठ नागरिकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला होता, तिथे शिकून आले. पार्काच्या कट्ट्यावरचे निवृत्त साहेब लोक तिथे परदेशातल्या नातवंडांना मेल करायला शिकले. दाजी अक्षर मध्यभागी घ्यायला शिकले आणि वर्ग सोडला. पुढचं शिकायची गरज वाटली नाही.

आणि त्यांचं काम दिसतं देखणं, हे मी विरोधक असूनही मान्य करते. त्यांच्या पडद्यावर. फक्त त्यांच्याच पडद्यावर. कारण इंटरनेटला मोकळी जागा बघवत नाही. तुम्ही दहा जागा सोडा, ते नऊ खातं आणि एक ठेवतं. बिल्डर तीही ठेवत नाही, एवढाच फरक. दाजींनी तासन्‌तास घालून सोडलेली अंतरं वेबसाइटवर गेली की फुस्स. नावं वेळांना चिकटतात, वेळा वारांवर चढतात, आणि दिव्याच्या गाडीत उभा असलेला माणूस मोबाइलवर वाचतो: "भेरे सकाळी आठनंतर गुरव दुपारी."

तक्रार आली की दाजींचं उत्तर ठरलेलं. "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय."

हे वाक्य ते शांतपणे म्हणतात, पुरावा समोर असल्यासारखं. पुरावा असतोच समोर. आणि त्यानंतरचा उपायही ठरलेला: मोबाइल आडवा धर. दुबईला असलेल्या सुनीलचा फोन आला होता, तेव्हा मी तिथेच होते.

"दाजी, सगळं तिरपागडं दिसतंय."

"मोबाइल आडवा धर."

"धरला."

"अजून आडवा."

"दाजी, आता मीच आडवा झालोय."

"मग? दिसतंय का?"

"दिसतंय. पंखा दिसतोय."

"थांब, मीच सांगतो," म्हणून दाजींनी त्याला वार सांगितला, वेळ सांगितली, येताना कोणाच्या गाडीने यायचं ते सांगितलं, बायकोचं बाळंतपण कुठे करायचं तेही ठरवून दिलं. फोन ठेवेपर्यंत चहाचं आधण आटून गेलं होतं.

म्हणजे वेबसाइट कशीही दिसो, गावाचं अडत नव्हतं. मोबाइल बघून लोक गोंधळायचे आणि दाजींना फोन करायचे. शिमग्याच्या आधी आठ-पंधरा दिवस दाजींचा फोन सतत कानाला. सुलोचनाआजींनी मात्र फोन केला नाही. घरात शिकलेली नात. प्राचीने मोबाइल उघडला आणि छातीठोक सांगितलं, "आजी, रविवारी सकाळी."

चूक प्राचीची नव्हती. तिच्या मोबाइलवर खरंच रविवार होता. असं का झालं ते मी शोधून काढलं, आणि शोधल्यावर माझं डोकं फिरलं. सुलोचनाआजींच्या वर चार घरं सोडून एक नाव होतं: श्री. गंगाराम बाळू भेरे (माजी उपसरपंच, देवस्थान सल्लागार व सत्कारमूर्ती). दाजींच्या पडद्यावर हे सगळं एका ओळीत मावत होतं, कारण त्यांनी चौकट मुद्दाम तेवढी ताणली होती. मानाचा प्रश्न. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ओळ मोडली. माजी उपसरपंच वर राहिले आणि 'सत्कारमूर्ती' एकटेच खालच्या ओळीत येऊन बसले, एक घर अडवून. त्यांच्या खालची सगळी नावं एकेक ओळ खाली सरकली. उजव्या चौकटीतले वार मात्र जागचे हलले नाहीत. बाकीच्यांचं तासाभराने इकडेतिकडे झालं. शनिवारच्या शेवटच्या घरासमोर मात्र रविवारची पहिली वेळ आली. ते घर आजींचं.

शिमगा संपल्यावर मंडळाची सभा भरली. आजी स्वतः जिना चढून आल्या. मोबाइल दाजींच्या नाकासमोर धरला.

"दाजी, माझा शनिवार कुठं गेला?"

दाजींनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "वैनी, माझ्याकडे बरोबर दिसतंय. हे बघा. शनिवार, दिवेलागण."

"तुमच्याकडं दिसून काय करू? पालखी तुमच्याकडं यायची होती काय?"

दाजींनी माउस उचलून कीबोर्डच्या काठाला समांतर ठेवला. मग म्हणाले, "पुढच्या टायमाला सगळ्यांनी हितंच येऊन बघायचं. म्हणजे चुकणार नाय."

"दिव्यावरून यायचं? नालासोपाऱ्यावरून? एक वार बघायला?" मी उसळले.

"मग? चहा मी करीन की."

मी त्या रात्रीच पत्रक लिहिलं. मला दुसरं काही येत नाही, पत्रक येतं. घरांच्या हक्काच्या मोर्च्यांसाठी लिहून लिहून हात बसलेला आहे. मथळा: 'एका सत्कारापायी म्हातारी देवीला मुकली! जाब कोण देणार?' खाली दोन मागण्या. एक, प्रत्येक घराला स्वतंत्र ओळ मिळालीच पाहिजे. दोन, कंसातले मानपान बंद झालेच पाहिजेत. झेरॉक्स काढून मंडळात वाटलं.

पुढच्या रविवारी गंगारामभाऊ भेरे कळव्याहून थेट खोलीवर हजर. हातात पत्रक, घडी न घालता, निशाणासारखं.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"माझा सत्कार झाला होता का नव्हता?"

"झाला होता."

"शाल होती का नव्हती?"

"होती."

"मग मूर्ती कोण?"

 दाजींनी लगेच त्यांची बाजू घेतली. "सत्कार झालेला हाय गो. आता काढता नाय येणार."

"आणि तिकडे आजींचा नवस राहिला त्याचं?"

 नवस राहणं ही आमच्यात थट्टेची गोष्ट नाही. सुलोचनाआजींनी तर पुढे वर्षभर दुसरा विषय ठेवला नाही. प्राचीला शिंक आली तरी मला फोन यायचा: "बघ, देवी इचारतेय." प्राचीला रात्रपाळी लागली, देवी विचारतेय. प्राचीच्या वॉर्डातला एसी बिघडला, त्यातही देवीच. पुढच्या शिमग्यात पुन्हा वार चुकला तर नातीची नोकरी जाईल, हे त्यांच्या मनाने पक्कं धरलं होतं. त्यांचं वय बघता पुढच्या पुढच्या शिमग्याचा भरवसा कोणी द्यायचा, हे त्या बोलत नव्हत्या, पण आम्हाला ऐकू येत होतं.

गंगारामभाऊंनी पत्रकाची घडी घातली. "काय करायचं ते करा," ते म्हणाले. "पण सत्कार कुठंतरी दिसला पाहिजे."

तर तोडगा असा काढला. एक घर, एक ओळ. नाव वेगळ्या चौकटीत, वार वेगळ्या, वेळ वेगळ्या. एकाच ओळीतल्या चौकटी एकमेकींना बांधलेल्या असतात. नाव मोडून दोन ओळींचं झालं तर वारही त्याच्याबरोबर थांबतो, पुढे निघून जात नाही. आणि पदव्यांसाठी शेवटी एक चौथी चौकट, मोठ्या पडद्यावर दिसेल आणि मोबाइलवर आपोआप लपेल अशी.

"लपेल?" गंगारामभाऊंचा आवाज चढला. "म्हणजे मोबाइलवर माझा सत्कार नाय?"

"मोठ्या पडद्यावर आहे ना."

"कोणाच्या मोठ्या?"

"दाजींच्या."

ते पडद्यासमोर वाकले. आपलं नाव आणि पुढचा कंस सावकाश वाचला. मग खिशातून मोबाइल काढून पडद्याचाच फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. अशा रीतीने सत्कार शेवटी प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचलाच.  लढ्यात कुठे थांबायचं हे कळावं लागतं.

खरं युद्ध दाजींशी झालं. पुढचे कितीतरी रविवार आम्ही दोघं त्या कॉम्प्युटरसमोर होतो. मोठ्या चौकटीतून एकेक नाव उचलायचं आणि वेगळ्या ओळीत ठेवायचं. दाजी प्रत्येकाला निरोप द्यायचे. "जा बाबा गुरवा, वेगळा हो. आता तुझं तू बघ." सुलोचनाआजींचं नाव हलवताना म्हणाले, "वैनी, तुम्हाला ऐसपैस दिलंय, आता रागावू नका."

एकदा मी चहा घ्यायला उठले आणि परत येऊन बघते तर दर दोन घरांमध्ये एक ओळ कोरी.

"हे काय?"

"पाणंद."

"पाणंद?"

"मग पालखी घराघरातून जाणार कशी? वाट नको?"

मी कोऱ्या ओळी काढल्या. मी जिन्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांनी परत घातल्या. मी समजावलं की दाजी, तक्त्यात कोरी ओळ आली की कॉम्प्युटरला वाटतं गाव संपलं, तो पुढचं वाचतच नाही. हे ऐकून ते चमकले. "गाव संपलं वाटतं?" म्हणाले. लगेच स्वतःच्या हाताने सगळ्या पाणंदी बुजवल्या.

पण चेहरा असा झाला की माझ्यासारखीलाही राहवेना. मी सांगितलं, तक्त्यात जागा सोडायची नाही, पण वेबसाइटला हुकूम देता येतो, प्रत्येक ओळीच्या वर आणि खाली एवढी एवढी मोकळी जागा ठेव म्हणून. ती कोणी खात नाही. दाजींनी चष्मा लावला. मी अंतर वाढवलं.

"अजून थोडं."

वाढवलं.

"अजून. पालखीला दोन्ही बाजूंनी खांदेकरी असतात."

वाढवलं.

"हां. आता ढोलवाले मागून येतील, त्यांचं बघ."

आज आमच्या मंडळाच्या वेबसाइटवर ओळींमध्ये जे अंतर आहे, ते ढोलवाल्यांसकट आहे. बघून घ्या.

यंदाच्या होळीच्या आधीच्या रविवारी परीक्षा घेतली. ज्याच्याकडे जो मोबाइल असेल तो घेऊन खोलीवर या, असं मी सगळ्यांना कळवलं. आले. फुटलेल्या काचेचे, लहान, मोठे, नातवाने खेळून तापवलेले मोबाइल. दाजींनी सगळ्यांना भिंतीकडेने उभं केलं, चपलांसारखं, आणि एकेकाच्या पडद्यात डोकावत गेले. हातात छापील वेळापत्रक. नाव वाच. वार वाच. वेळ वाच. पुढे. सुलोचनाआजींपाशी पोचले. यंदा कौलाने त्यांचं घर शनिवारीच आलं होतं, दुपारचं.

"वाचा वैनी."

"शनिवार. दुपारी दोन."

"मोबाइल उभा धरलाय ना?"

"उभाच हाय."

"आडवा करून बघा."

"आडवा केला तरी शनिवारच."

शेवटच्या मोबाइलपर्यंत सगळं सारखं होतं. मी टाळी वाजवली, लोकांनी वाजवल्या, गंगारामभाऊंनी छोटं भाषण केलं. दाजी म्हणाले, "सगळ्यांचं बरोबर झालं. बरं झालं." आणि कप विसळायला मोरीकडे गेले. शत्रूने शस्त्र खाली ठेवलं असं मी समजले आणि मनातल्या मनात पुढच्या पत्रकाचा मथळाही ठरवून टाकला.

शिमग्याच्या शनिवारी मला अर्धाच दिवस सुट्टी होती, म्हणून मी गावी गेले नव्हते. अडीच वाजता प्राचीचा व्हिडिओ आला. अंगणात पालखी नाचतेय. ढोल. दारात सुलोचनाआजी, डोक्यावर पदर, हातात ओटीचं ताट, आणि देवीला ते हिरवं लुगडं नेसवलेलं. आजी रडत होत्या आणि रडता रडता प्राचीवर ओरडत होत्या, "मोबाइल ठेव आणि पाया पड!"

मला तो दाजींना दाखवायचा होता. लालबागहून चालतच परळला गेले.

दार उघडं होतं. दाजी टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, दाढी केलेली. समोर छापील वेळापत्रक, त्यावर आडवं एक पेन आणि त्याच्या शेजारी दुसरं, पहिलं संपलं तर. झाकण ठेवलेला पाण्याचा तांब्या. फोन चार्जिंगला लावलेला. शेजारी एक रिकामी खुर्ची, पुसलेली.

"कुठे निघालात का दाजी?"

"नाय गो. पालखीचे दिवस. फोन येतील."

पालखीच्या दिवसांत ते कधीच गावी जात नाहीत, हे मला माहीत होतं. कारण मात्र मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"जाऊन काय करू? घर पडलं ते पडलं, आता नुसतं जोतं हाय. पालखी जोत्यावर थांबत नाय." मग हसून म्हणाले, "हितं कोण तरी पायजे ना फोनला."

मी व्हिडिओ लावला. त्यांनी मान तिरकी करून शेवटपर्यंत बघितला. परत लावायला सांगितला. परत बघितला.

"काठ सरळ आलाय लुगड्याचा," म्हणाले. आणि फोनकडे बघून, "वैनींचा फोन नाय आला."

"कशाला करतील दाजी? मोबाइलवर बघितलं आणि गेल्या. आता कोणालाच विचारावं लागत नाही."

"हां. तेही खरं." त्यांनी फोनची तार सरळ केली. "सुनीलचाही नाय. आला असेल ना दुबईहून? बाळ वर्षाचं झालं असेल. घाटात रेंज जाते लोकांची."

"सकाळपासून कोणाचाच नाही?"

"जाते रेंज," ते परत म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. दुसरी घंटी होऊ दिली नाही त्यांनी.

"हॅलो, मंडळ! बोला, कुठली वाडी?"

पलीकडून एका मुलीचा पाठ केलेला आवाज येत होता, मला अर्धामुर्धा ऐकू आला. कर्ज पाहिजे का, कमी व्याजाने.

"कर्ज नको बाय. काय करू घेऊन?" दाजी म्हणाले, पण फोन ठेवला नाही. "तुमचं आडनाव काय? ... लांज्याकडच्या का? ... मग? शिमग्याला गेला नाय गावी? ... सुट्टी देत नाय? वा रे वा. ... आणि पालखी कधी तुमच्याकडं? ... म्हाईत नाय? असं कसं, घरी इचारायचं. ... बरं, असं करा, वाडीचं नाव सांगा. लांज्याला माझ्या ओळखीचा एक हाय, मी काढून ठेवतो वार. उद्या करा फोन. ह्याच टायमाला करा. मी हाय हितंच."

त्यांनी पेन उचललं आणि वेळापत्रकाच्या खाली, कोऱ्या जागेत, त्या मुलीच्या वाडीचं नाव लिहिलं. मग फोन पुन्हा चार्जिंगला लावला. तो पूर्ण भरलेला होता.

वेळापत्रक सुधारलं ते बरोबरच झालं. ते परत एका चौकटीत कोंबायचं कोणी नाव काढलं तर मी पुन्हा पत्रक काढीन, आणि या वेळी झेरॉक्स नव्हे, छापून. सुलोचनाआजींच्या अंगणातली ती पालखी मी कोणाशीही अदलाबदल करणार नाही. पण खोलीतून मी उठले नाही. त्या पुसलेल्या खुर्चीवर पाच वाजेपर्यंत बसले. फोन आणखी वाजला नाही.

म्हणून आता मागणी. ती मंडळाकडे नाही, दाजींकडे नाही. तुमच्याकडे आहे, हे वाचणाऱ्याकडे. तुमच्याही मंडळाच्या, सोसायटीच्या, शाळेच्या वेबसाइटवर अगदी तळाशी एक नंबर असतो, 'अधिक माहितीसाठी संपर्क'. तुम्हाला अधिक माहिती कधी लागली नाही, म्हणून तुम्ही तो कधी लावला नाही. आज लावा. विचारायला काही नसेल तर वार विचारा, वेळ विचारा, ऑफिस उघडं असतं का विचारा. पलीकडच्या माणसाला उत्तर माहीत असतं, तो ते नीट देईल. उत्तर मिळालं की फोन लगेच ठेवू नका.